दोन फरश्यांची पट्टी

मागच्या रविवारी फोनवर बोलताना तू वैतागलेली होतीस. "आजी, माझं पान उडी मारतंय," म्हणालीस. पान म्हणजे कुठलं, असं मी विचारलं, तर फोन फिरवून तू तुझ्या कामाचा पडदा दाखवलास. कुठल्याशा दुकानाची वेबसाइट होती. मधोमध शीर्षक, खाली चित्रांच्या रांगा. तू एक बटण दाबलंस, आणखी चित्रं आली, पान लांब झालं आणि उजव्या कडेला ती वरखाली सरकवायची पट्टी उगवली. ती उगवली तसं बाकीचं सगळं डावीकडे सरकलं. फार नाही, बोटभर. पण डोळ्याला खटकलं खरं. पुन्हा बटण दाबलंस, पट्टी गेली आणि सगळं परत उजवीकडे आलं.

"दिसलं?"

"दिसलं," मी म्हणाले. "आपल्या परभणीच्या घरासारखं आहे."

तू हसलीस, यावर लोक काय काय उपाय करतात ते सांगितलंस, मग तुला दुसरा फोन आला आणि माझं बोलणं तिथंच राहिलं. म्हणून हे लिहून पाठवते आहे. तुला देवनागरी वाचता येतं, तुझ्या भावाला आईनं वाचून दाखवावं. गोष्ट तिचीच आहे, पण तिला ती सगळी ठाऊक असेलच असं नाही. अभ्यास करणाऱ्या माणसाला आजूबाजूला काय चाललंय ते कळत नाही. कळू नये म्हणून तर सगळी धडपड होती.

आमचं घर भाड्याचं होतं. पुढे एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर, बाजूला एक अरुंद खोली आणि दारापुढे ओसरी. खाली शहाबादी फरशी. तुमचे आजोबा कृषी विद्यापीठाच्या कार्यालयात होते, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याजवळ राहत. शेत आणि भाऊबंद पालमच्या बाजूला. घर एसटी स्टँडपासून चालत येण्याजोगं होतं, आणि हेच त्या घराचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य होतं.

माझं शिक्षण हैदराबादेत, इंग्रजी शाळेत झालं. माहेरी कुणी यायचं असलं की आधी पत्र यायचं. परभणीत तसं नव्हतं. जिल्ह्याच्या गावी ज्याचं घर, ते त्याच्या गावाचंही घर. कोर्टाची तारीख, डोळ्याचं ऑपरेशन, बियाणं, मुलगी दाखवायची, नाहीतर नुसतीच शेवटची गाडी चुकलेली. पाहुणा दारात उभा राहिल्यावरच कळायचं की आज पाहुणा आहे. कळवून येणं म्हणजे परकेपणा, असं तिकडे मानत. यात कुणाचं काही चूक होतं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. माणसं घरातच येत होती, आणखी कुठं जाणार?

पण पाहुण्यानं पाय धुवायच्या आत आमचं घर सरकायला लागायचं. पणजीची खाट भिंतीला. शिलाई मशीन अरुंद खोलीत. ट्रंक खाटेखाली. आणि सगळ्यात आधी हलायचं ते तुमच्या आईचं टेबल. ते पुढच्या खोलीत खिडकीखाली होतं, उजेडात. लहान, हलकं, एका माणसाला उचलता येणारं. म्हणूनच त्याचा बळी पहिला. कधी ते स्टोव्हशेजारी जायचं, कधी ओसरीत, एकदा तर न्हाणीच्या दाराशी होतं. पाहुणे गेले की टेबल परत खिडकीखाली यायचं, पण तिचं लक्ष परत यायला आणखी दोन दिवस लागायचे. तोवर पुढचा पाहुणा स्टँडवर उतरलेला असायचा.

तुमची आई तेव्हा अकरावीत होती. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. आमच्या दोन्ही घरांत कुठल्या मुलीनं तसलं काही केलेलं नव्हतं. आजोबा हो म्हणाले होते, पण त्यांचं हो बारावीच्या मार्कांवर टांगलेलं होतं. मार्क पडले तर औरंगाबादला पाठवू, नाही पडले तर बघू. बघू म्हणजे काय ते मला माहीत होतं. जिंतूरकडचं एक स्थळ पणजीच्या मनात भरलेलं होतं. मुलाकडे विहीर होती, मोटारसायकल होती, आणि त्याची आई पणजीच्या ओळखीतली होती. तुमच्या आईला ते स्थळ दिसत होतं. ती बोलायची नाही, फक्त टेबल उचलायला कुणी आलं की आधी तिची पेन्सिलींची डबी छातीशी धरायची.

मी एकदा ठरवलं की टेबल हलवायचंच नाही. पाहुण्यांनी असेल तिथं पथारी टाकावी. तू मला सांगितलंस ना, फोनवरची पट्टी पानाच्या वरूनच तरंगते, जागा अडवत नाही, काम झालं की विरून जाते? तो प्रकार आम्ही करून पाहिला आहे. त्या वेळी गावाकडचे काका आले होते. काका म्हणजे आजोबांचे चुलतभाऊ, आमच्याकडचे नेहमीचे पाहुणे, मोठ्या आवाजाचे आणि मोकळ्या मनाचे. टेबल जागचं हललं नाही हे खरं, पण काकांचे पाय टेबलाखाली, त्यांचा टॉवेल खुर्चीवर, आणि हुरड्याची पिशवी उघड्या पुस्तकावर. तुमची आई भौतिकशास्त्र शोधत होती ते पिशवीखाली सापडलं, कणसांचं कूस लागलेलं.

"काका, माझं पान दिसत नाही."

"अगं बस की बाजूला! आमी काय खायलाव का तुझं पुस्तक?" काका म्हणाले आणि झोपले.

दिसायला सगळं नीट होतं, काही सरकलं नव्हतं. पण जे वाचायचं तेच झाकलं गेलं होतं.

एक गंमत सांगते. तुमची आई लहान असताना पणजीच्या माहेरचा एक मुलगा आयटीआय करायला येऊन वर्षभर आमच्याकडे राहिला होता. त्या वर्षात घर एकदाही हललं नाही. त्याची पथारी कायम होती, तिच्याभोवती बाकीचं घर बसून गेलं होतं. तू म्हणालीस की जुने लोक पान लहान असलं तरी पट्टी कायमची दाखवून ठेवायचे, तेव्हा मला तो आठवला. उपाय चांगला आहे, पण त्यासाठी कायमचा पाहुणा लागतो.

मला सुचलं ते शाळेत. मुलींना मी पहिल्या दिवशी वहीला समास आखायला लावत असे. दर वर्षी एखादी तरी मुलगी विचारायची, "बाई, इथं लिहू का? खाली हाय." खाली म्हणजे रिकामं. मी सांगायचे, ती तुझी जागा नाही, माझी आहे. मी काही लिहिलं नाही तरी माझीच. ज्या मुली समासात लिहून ठेवत त्यांच्या वह्या तपासताना माझी लाल शाई त्यांच्या ओळींमधून वाट काढत जायची आणि मग त्यांचंही वाचता यायचं नाही, माझंही नाही.

अकरावी संपल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुढची खोली रिकामी केली आणि पुन्हा लावली. उजव्या भिंतीलगत दोन फरश्यांची रुंदी, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी सोडली. एक माणूस सतरंजी टाकून नीट झोपू शकेल एवढी. त्या दोन फरश्या जिथं संपतात तिथंच खोली संपते, असं धरून बाकीचं सगळं मांडलं. खाट, मशीन, टेबल. पट्टीच्या वरच्या फळीवर सतरंजी, उशी आणि चादर गुंडाळून ठेवली. खुंटी मारली. नियम एकच केला, पट्टीत काही ठेवायचं नाही.

पहिल्या संध्याकाळी आजोबा ऑफिसातून आले आणि दारातच थांबले.

"खोली लहान केलीस की!"

"लहान नाही केली. एवढीच होती. पाहुणे आले की कळायचं, आता रोज कळेल."

"पण आज तर कुणीच नाही आलेलं."

"म्हणूनच आज लावली."

त्यांना ते पटलं नाही. पणजीला तर मुळीच नाही. "घरात खाली भिंत बरी दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "कुणी गेल्यावानी वाटतं." मग थोड्या वेळानं, "आन खोली एका अंगाला कलंडल्यावानी दिसायलीय." यात त्यांचं खरं होतं. देवाचं कॅलेंडर आणि घड्याळ जुन्या मध्यावर टांगलेलं होतं आणि आता ते उजवीकडे ओढल्यासारखं दिसत होतं. तू म्हणालीस काही जण दोन्ही कडांना सारखी जागा सोडतात म्हणजे मधलं मधोमध दिसतं. दोन पट्ट्या सोडण्याएवढी आमची खोली नव्हती. मी खिळे काढून कॅलेंडर आणि घड्याळ उरलेल्या खोलीच्या मध्यावर टांगलं. पणजी खाटेवरून डोळे बारीक करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हां, आता बसली खोली."

मोकळी जागा शांत राहत नाही. लोकांना ती बोलावते. पहिल्या महिन्यातच तिथं ज्वारीचं पोतं आलं, मग आजोबांची सायकल, मग पाऊस लागल्यावर शेजारणीचे वाळायचे राहिलेले पापड. मी उचलत राहिले. सगळ्यात मोठा घोटाळा मात्र आजोबांनीच केला. त्यांना दिवाण हवा होता. ऑफिसातला टेप आणून त्यांनी खोली मोजली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि सुताराला माप दिलं. दिवाण आला. सुंदर होता, सागवानी. तो मागच्या भिंतीला लावला तर अगदी बसला, बोट घालायला जागा नाही. आजोबा खूश.

"बघ, मापात कसा आहे."

"पट्टी?" मी विचारलं.

ते खाली बघायला लागले. दिवाणाचं एक टोक पट्टीच्या पार शेवटपर्यंत गेलं होतं. उजव्या भिंतीतल्या मागच्या दाराची फळी त्याला अडून अर्धीच उघडत होती. पणजी आतून अंग आडवं करून बाहेर आल्या.

"खोली मोजली मी," आजोबा म्हणाले.

"खोली मोजलीत. राहायची जागा मोजायची होती."

सुताराला परत बोलवावं लागलं. त्यानं उजवीकडून दिवाण कापला, त्यामुळे त्या बाजूला नक्षी राहिली नाही. पुढे कितीतरी वर्षं आलेला माणूस विचारायचा, हा दिवाण असा काय, आणि आजोबा विषय बदलायचे. तुमच्यातही पडद्याची पूर्ण रुंदी धरून मापं घेणारे लोक आहेत आणि मग पान आडवं ओसंडतं, असं तू सांगितलंस. त्यांना या दिवाणाचं सांग.

पण हळूहळू घराला सवय झाली. पाहुणा आला की फळीवरची सतरंजी खाली, चहा, पाणी. कुणी उठत नव्हतं, काही सरकत नव्हतं. याचा सगळ्यात जास्त आराम पणजीला झाला, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांचे गुडघे दुखायचे, आणि खाट हलली की त्यांना उठून उभं राहावं लागायचं. आता त्यांना कुणी उठवत नव्हतं. एकदा कळल्यावर त्या पट्टीच्या रखवालदार झाल्या, माझ्याहून कडक. खाटेवरून काठी लांब करून दाखवायच्या, "उचल ते आदी." एकदा काकांनी गावाकडून हरभऱ्याचं पोतं आणलं आणि सवयीनं तिथं टेकवलं.

"ए बाबा, उचल. ती जागा माणसाची हाय, पोत्याची न्हाई."

"काकू, आता कोन हाय तिथं? खालीच हाय की."

"खालीच पायजे. माणूस आला म्हंजी काय पोत्यावर निजवू?"

काकांनी पोतं ओसरीत नेलं.

अशात तो जानेवारी आला. मराठवाड्याच्या विद्यापीठाला नवं नाव द्यायचं की नाही यावरून कितीतरी वर्षं वाद चालला होता. तुमची आई तान्ही असताना खेड्यांतल्या दलित वस्त्यांवर काय काय झालं ते आम्ही दबक्या आवाजात ऐकलं होतं. शाळेच्या शिक्षकखोलीत त्यावर कुणी मोठ्यानं बोलत नसे, आणि न बोलण्यावरूनच कोण कुठल्या बाजूला आहे ते समजायचं. त्या जानेवारीत सरकारचा निर्णय झाला. शहरात काही जण गुलाल उधळत होते, काही जण दारं लावून बसले होते. मधूनच बंद, मधूनच एसटी थांबलेली. बारावीच्या मुलांची प्रॅक्टिकल तोंडावर.

एके दिवशी दुपारी तुमची आई कॉलेजातून लवकर आली. सोबत तिच्या वर्गातली एक मुलगी होती. खांद्याला पिशवी, हातात वळकटी. दोघी उंबऱ्याबाहेरच थांबल्या. पणजी खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात होते.

"कोन गं ही?"

"माझी मैत्रीण, आजी. वर्गातली आहे."

"गाव कंचं गं, पोरी?"

"पालमच्या पल्याड, आजी," मुलगी म्हणाली.

पणजीचा चेहरा जरा उजळला. तिकडची म्हणजे ओळख निघणार. "मंग कुणाची म्हणायची तू?"

मुलीनं वळकटी या हातातून त्या हातात घेतली. "आमी बौद्ध हाव, आजी."

शेंगा सोलणारा हात थांबला. तुमच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार तेवढ्यात पणजींनीच विचारलं, "घरी का न्हाई गेली?"

"घराला कुलूप हाय. आई-बाबा ऊसतोडीला गेलेत, पाडव्याशिवाय यायचे न्हाईत. एसटी बी बंद हाय."

"राहती कुठं मंग?"

"होस्टेलात. पर ते आज रिकामं करायला लावलं. समद्यांना घरी जा म्हणले."

तिला घरी जाणं म्हणजे कुलपापर्यंत जाणं होतं. आणि गेली असती तरी प्रॅक्टिकलला परत कशी येणार होती? ते तिनं सांगितलं नाही. तुमच्या आईनं सांगितलं, एका दमात, पणजीला नाही तर मला उद्देशून.

आता मी जे सांगते ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं, नंतर विचार करताना उमगलं. नको असलेल्या माणसाला पणजी कधी नाही म्हणत नसत. त्या म्हणत, "जागा कुठंय बाई." आणि ते खोटं नसायचं. जागा करायची तर खाट हलणार, टेबल हलणार, आजोबांना विचारावं लागणार. ज्याला ज्याला सरकावं लागतं त्याला त्याला बोलायचा हक्क मिळतो. दहांतल्या एकानं कुरकुर केली तरी पुरते. गेल्या सगळ्या वर्षांत आमच्या घरातून किती माणसं अशी कुरकुरीनं परत गेली असतील, आणि आम्ही स्वतःला वाईट समजलो नसू, कारण जागा खरोखरच नव्हती.

त्या दुपारी कुणालाच सरकायचं नव्हतं. विचारायचंच काही उरलं नव्हतं. दोन फरश्या मोकळ्या होत्या, वर सतरंजी होती, आणि ती जागा माणसाची आहे हे पणजींनी स्वतः पोत्याच्या वेळी सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

त्यांनी एकदा पट्टीकडे पाहिलं. मग पुन्हा शेंग उचलली.

"उभी का मंग? पाय धू. ती पट्टी खालीच हाय."

लगेच सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. पहिले काही दिवस पणजींनी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्यांचा तांब्या त्या खाटेच्या आतल्या बाजूला ठेवत. मुलीला ते दिसत होतं. ती त्या बाजूला जायचीच नाही. मी पणजींना काही बोलले तर त्या ऐकणार नाहीत हे मला माहीत होतं, तरी एकदा बोलले. त्या म्हणाल्या, "जागा दिली न्हाई का? आता मला शिकवू नको." दोघी मुली टेबलाच्या दोन बाजूंना बसायच्या. एक खिडकीकडून, एक आमच्याकडून. टेबल जागचं हललं नाही.

मग एसटी सुरू झाली आणि पहिल्या नाहीतर दुसऱ्या गाडीनं काका आले. कोर्टाची तारीख होती. संध्याकाळी हातपाय धुऊन ते सवयीनं पट्टीकडे वळले, तर तिथं वळकटी, पुस्तकं, खुंटीवर ओढणी. दोघी मुली तेव्हा टेबलाशी होत्या, प्रयोगवही पुरी करत.

"वैनी, आमची जागा?" काकांनी मला विचारलं.

उत्तर पणजींनी दिलं. "तुजी जागा कवा होती? ती आल्यागेल्याची हाय. आज दुसरं कुणी आलंय."

"कोन आलंय?"

"पाहुणी."

काकांनी ओढणीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, मग खाटेजवळ वाकून आवाज खाली केला. पण काकांचा खालचा आवाजही साऱ्या घराला ऐकू जायचा. "काकू, कोन हाय ते कळतंय का तुमाला?"

"मला डोळे हायत."

"गावात कळलं तर?"

"तू सांगशील तवा कळंल ना."

"आन आमी कुठं निजावं? टेबल सरकवा जरा, मी भितीला पडतो."

"टेबल हलायचं न्हाई. परीक्षा हाय पोरींची."

पोरींची, असं त्या म्हणाल्या. आजोबा वर्तमानपत्रातून वर बघायला लागले.

"आमी घरचे आसून आमालाच जागा न्हाई का?" काका दुखावले होते. त्यांचं दुखणं खरं होतं. इतकी वर्षं ते इथं आले होते.

"घरचा हायस म्हणून तर," पणजी म्हणाल्या. "पाहुण्याला वसरीत निजवत न्हाईत. घरच्याला चालतंय. दोन चादरी घे, थंडी हाय."

काका ओसरीत झोपले. सकाळी चहा न घेता कोर्टात गेले, आणि त्या तारखेनंतर चार-पाच महिने त्यांनी आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. पणजींना त्याचं वाईट वाटत होतं. त्या ते बोलून दाखवत नसत, पण दारात रिक्षा थांबली की मान वळवून बघायच्या.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी पणजींना पाणी हवं होतं. तांब्या रिकामा झाला होता. त्यांनी नातीला हाक मारली, तिनं ऐकलं नाही. पुन्हा मारली. तुमची आई कुठल्यातरी समीकरणात होती. मैत्रीण उठली, तांब्या भरून आणला आणि खाटेच्या कडेला ठेवून मागे सरकली. पणजींनी तांब्याकडे पाहिलं. मग उचलून प्यायल्या, आणि टेबलाकडे बघून म्हणाल्या, "दोन हाका मारल्या, ऐकू येत न्हाई ह्या पोरीला. अभ्यास करायलीय का झोपलीय?"

मैत्रीण हसली. तुमच्या आईनं तेव्हाही ऐकलं नाही.

होस्टेल उघडलं तरी ती परीक्षा होईपर्यंत आमच्याकडेच राहिली. परीक्षा झाली, निकाल लागला, तुमच्या आईला हवे होते तेवढे मार्क पडले. आजोबांनी शब्द पाळला आणि जिंतूरच्या स्थळाला पणजींनी स्वतःच निरोप धाडला. मैत्रिणीनं परभणीतच कृषीला प्रवेश घेतला. तुम्ही तिला ओळखता. दिवाळीला जिचा फोन येतो आणि जिच्याशी बोलताना तुमची आई एकदम परभणीचं बोलायला लागते, ती मावशी. काका पावसाळ्यात परत आले, बियाणं घ्यायला. पट्टी रिकामी होती. ते काही न बोलता तिथं बसले आणि पणजींनी त्यांना चहा द्यायला सांगितलं.

तेव्हा तुझ्या पानाचं असं कर, असं मी तुला सांगणार नाही. त्यातलं मला काय कळतं? पण जागा सोडायचीच असेल तर पट्टी उगवायच्या आधी सोड. उगवल्यावर सोडलेल्या जागेत सगळ्यांचे धक्के असतात. बाकीचं माप ती जागा वगळून घे. दुकानदार विचारेल, उजवीकडे हे मोकळं कशाला, इथं एखादं चित्र लाव. लावू नकोस. आणि पट्टी अक्षरांवर तरंगत ठेवलीस तर त्याखाली कुणाचं काय झाकलं जातंय ते एकदा बघ.

मागे एकदा मी तुमच्या आईला त्या जानेवारीबद्दल विचारलं. काका ओसरीत झोपले तो दिवस आठवतो का? पणजी त्यांना काय म्हणाल्या ते?

"काका ओसरीत झोपले होते?" ती म्हणाली. "कधी?"

"तुम्ही दोघी तिथंच बसला होता, टेबलाशी."

तिनं आठवून पाहिलं.

"नाही गं, आई. काहीच झालं नव्हतं तेव्हा. टेबल खिडकीखाली होतं आणि आम्ही अभ्यास करत होतो."